साथीत पोटाच्या तातडीच्या शस्त्रक्रियांचे रुग्ण गेले कुठे?

आकडेमोड

२५ मार्च २०२० पासून आपल्याकडे टाळेबंदी लागली आणि पुढच्या काही आठवड्यांत जगभर एकच चित्र दिसलं: श्वासाचे रुग्ण सोडले तर कॅज्युअल्टी रिकामी. अमेरिकेत २९ मार्च ते २५ एप्रिल २०२० या चार आठवड्यांत इमर्जन्सीत आलेले रुग्ण आदल्या वर्षीच्या त्याच आठवड्यांपेक्षा ४२ टक्क्यांनी कमी होते. इंग्लंडमध्ये एप्रिल महिन्यात ५७ टक्क्यांनी कमी. आपल्याकडे आयुष्मान भारत योजनेत आठवड्याला येणारे दावे टाळेबंदीच्या पहिल्या दहा आठवड्यांत सरासरी ५१ टक्क्यांनी घटले.

मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललं, हे समजतं. पण अपेंडिक्स, अडकलेला हर्निया, फुटलेला अल्सर, पिळलेलं आतडं यांना टाळेबंदीत थांबायचं काही कारण नाही. तरी तेही कमी आले. माझ्या मते याची तीन कारणं संभवतात आणि ती एकमेकांत मिसळून चालणार नाहीत. एक, आजारच खरोखर कमी झाला. दोन, आजार झाला पण आपोआप किंवा गोळ्यांवर बसला. तीन, रुग्ण पोचलाच नाही, किंवा पोचला तेव्हा उशीर झाला होता.

सर्जरी, भूल, कॅज्युअल्टी, रक्तपेढी यांत काम करणारे इथे बरेच आहेत. कोणत्या आजाराला कोणतं कारण जास्त लागू पडतं? पुढच्या साथीसाठी काय मोजून ठेवायला हवं, हाही प्रश्न त्यातच आला.

रातराणी

सगळ्या 'सर्जिकल' तक्रारी एका टोपलीत टाकल्या तर उत्तर मिळणार नाही. आजारागणिक बघा.

अपघात: खरंच कमी झाले. मुंबईत लोकल २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून बंद आणि १५ जूनला फक्त अत्यावश्यक सेवेसाठी सुरू. दारातून पडणं, रूळ ओलांडताना धडक, पाय फलाटाच्या फटीत जाणं, हे सगळं गाड्यांबरोबरच थांबलं. ट्रॉमा वॉर्ड रिकामा होण्यात भीतीचा काहीच भाग नव्हता.

फुटलेला अल्सर: हा रुग्ण घरी बसूच शकत नाही. पोट लाकडासारखं कडक होतं, माणूस हलत नाही. तो येतोच, फक्त दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतो. म्हणजे संख्या फारशी हलत नाही, प्रकृती बिघडते.

अपेंडिक्स आणि पित्ताशयाची सूज: इथे तिन्ही कारणं एकत्र आहेत आणि खरा वाद इथेच आहे.

हर्निया: अडकलेल्या हर्नियाचा रुग्ण बहुतेकदा वयस्क. 'आत्ता हॉस्पिटलात नको, तिथेच कोविड लागेल' हे घरचे त्यांच्याच बाबतीत सगळ्यांत जास्त म्हणत होते. त्यामुळे उशीर इथे जास्त.

टाकेदोरे

रातराणीताईंशी सहमत. अपेंडिक्सबद्दल थोडं विस्ताराने लिहितो.

साथीनंतर अनेक ठिकाणांहून एकच वाक्य ऐकू आलं: 'फुटलेल्या अपेंडिक्सचं प्रमाण वाढलं, म्हणजे लोक उशिरा आले.' घाई करू नका. समजा एका रुग्णालयात नेहमीच्या दोन महिन्यांत १०० अपेंडिक्स येतात आणि त्यांतली २० फुटलेली असतात. साथीत ६० आली, फुटलेली पुन्हा २०च. प्रमाण २० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर गेलं, पण फुटलेला एकही रुग्ण वाढला नाही. कमी झाले ते साधे ४०. त्यातले काही घरीच बरे झाले असणार, कारण साध्या अपेंडिक्सपैकी काही आपोआप बसतात.

म्हणून टक्का पाहण्याआधी फुटलेल्यांची नुसती संख्या बघायची. तीही वाढली असेल, तर उशिराचा दोष खरा.

उशिराचा परिणाम होतोच, त्याबद्दल शंका नाही. लक्षणं सुरू झाल्यापासून ३६ तासांच्या आत फुटण्याची शक्यता साधारण २ टक्के किंवा त्याहून कमी असते आणि त्यानंतर दर १२ तासांमागे सुमारे ५ टक्के, असं साथीच्या बऱ्याच आधी मोजलं गेलं आहे. म्हणजे दीड दिवस गेल्यावर प्रत्येक रात्र महाग पडते.

कोयनाकाठ

टाकेदोरे, गणित बरोबर आहे, पण ते एका गृहीतावर उभं आहे. त्या हॉस्पिटलचा भाग, म्हणजे जिथून रुग्ण येतात ती गावं आणि लोकसंख्या, तीच राहिली असं तुम्ही धरलंत. साथीत ती राहिली नव्हती.

एक मोठं रुग्णालय कोविडसाठी राखीव झालं की त्याचे बाकीचे रुग्ण पाच-सहा ठिकाणी विखुरतात. मुंबईत एप्रिल २०२० मध्ये नायर रुग्णालय कोविडसाठी राखून ठेवलं. तिथल्या अपेंडिक्सची संख्या शून्याकडे गेली, म्हणून त्या परिसरात अपेंडिक्स थांबलं का? जिल्ह्यातही तेच. सिव्हिल हॉस्पिटल कोविडचं झालं आणि तिथला सर्जिकल भार खाजगी नर्सिंग होमवर किंवा मेडिकल कॉलेजवर गेला. उलट काही नर्सिंग होम सुरुवातीला बंदच होती, तेव्हा तिथले रुग्ण सरकारीत आले. एका रुग्णालयाचं रजिस्टर उघडून 'साथीत असं झालं' म्हणणं म्हणूनच धोक्याचं आहे. निदान एका जिल्ह्यातली सगळी ऑपरेशन करणारी ठिकाणं एकत्र मोजली पाहिजेत.

दुसरं, जो वाटेतच गेला तो कोणत्याच रजिस्टरमध्ये नाही. तुमच्या २० विरुद्ध २० मध्ये तो धरलेलाच नाही. एसटी बंद. १०८ ची गाडी कोविड रुग्ण सोडून, धुऊन, मग पुढच्या फेरीला. वैद्यकीय कारणासाठी प्रवासाला बंदी नव्हती, पण गावात रात्री गाडी काढायला कुणी तयार होत नव्हतं आणि जिल्ह्याच्या सीमेवर चौकशीत वेळ जात होता. ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ नसतो, म्हणून आतडं अडकलेला रुग्ण तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून मेडिकल कॉलेजला, अशा दोन रेफर चिठ्ठ्या घेऊन पोचतो. नेहमीचे सहा तास तिथे सहज पंधरा होतात.

टाकेदोरे

भाग बदलतो हा मुद्दा मान्य, आणि तो माझ्या उदाहरणात नव्हता. जिल्हाभराची बेरीज हेच त्याला उत्तर.

शंकासुर

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. अपेंडिक्स आपोआप बसतं हे खरं असेल, तर इतकी वर्षं सगळ्यांचं कापत का होते?

लेस्टरकर

शंकासुर, चांगला प्रश्न आहे आणि साथीने त्याच्याकडे सगळ्यांनाच बघायला लावलं.

इथे ब्रिटनमध्ये मार्च २०२० च्या शेवटी सर्जनांच्या संघटनांनी एकत्र सूचना काढल्या: दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया शक्यतो टाळा, अपेंडिक्सला आधी प्रतिजैविकं द्या किंवा उघडी शस्त्रक्रिया करा. त्यानंतर झालेल्या कोविड-हॅरेम नावाच्या अभ्यासात ५०० रुग्णांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त लोकांना सुरुवातीला शस्त्रक्रियेशिवाय ठेवलं होतं. इतक्या प्रमाणात हे साथीआधी इथे कुणी केलं नसतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतली 'कोडा' चाचणी प्रसिद्ध झाली. १५५२ रुग्ण, अर्ध्यांना प्रतिजैविकं आणि अर्ध्यांना ऑपरेशन. प्रतिजैविकं घेतलेल्यांपैकी २९ टक्के लोकांचं ९० दिवसांत ऑपरेशन करावंच लागलं. अपेंडिक्सच्या तोंडाशी मळाचा खडा होता त्यांच्यात हे प्रमाण ४१ टक्के, खडा नसलेल्यांत २५ टक्के.

म्हणजे आपोआप किंवा औषधांवर बसतं, पण सगळ्यांचं नाही आणि कायमचं नाही. कापल्यावर प्रश्न संपतो, म्हणून कापत होते. घरी पोट दाबून बसणं आणि सीटीवर खडा नाही, पू नाही, फुटलेलं नाही हे पाहून शिरेतून औषध देणं, या दोन गोष्टी मात्र एक समजू नका.

टाकेदोरे

लेस्टरकर, आपल्याकडे हीच पद्धत वापरताना एक अडचण येते. प्रत्येक ठिकाणी सीटी नाही. सोनोग्राफी करणारा रात्री मिळत नाही. तेव्हा अल्वाराडो गुण (लक्षणं आणि रक्ततपासणी यांवरून अपेंडिक्सची शक्यता मोजण्याची पद्धत) आणि हाताने पोट तपासणं यावर निर्णय. उजव्या खालच्या बाजूला दुखरेपणा २, पांढऱ्या पेशी वाढलेल्या २, बाकी बेंबीकडून सरकलेली वेदना, भूक नसणं, मळमळ, पोटावर दाबलेला हात सोडताना दुखणं, ताप आणि न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढणं यांना एकेक. एकूण १०. सातच्या वर गेलं तर औषधावर ठेवण्याचा मोह टाळावा, असं माझं मत.

औषधावर ठेवलंच तर सेफ्ट्रियाक्झोन आणि मेट्रोनिडाझोल ही प्रतिजैविकं शिरेतून किमान २४ तास, मग गोळ्या, मिळून ७ ते १० दिवस. दर सहा-आठ तासांनी त्याच डॉक्टरने पोट तपासायचं. ड्युटी बदलली की हात बदलतो आणि 'आधीपेक्षा बरं आहे' याला अर्थ उरत नाही. २४ ते ४८ तासांत नाडी उतरली नाही, दुखरेपणा पसरला, तर थांबायचं नाही. आणि चाळिशीपुढच्या रुग्णाला बरं वाटलं तरी नंतर सीटी किंवा कोलोनोस्कोपी हवीच, कारण त्या सुजेमागे गाठ असू शकते. साथीत हा दुसरा टप्पा जवळपास सगळीकडे राहून गेला. त्याची मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते.

भूलतज्ज्ञ_सांगली

रुग्ण कमी दिसण्यात ओटीची (ऑपरेशन थिएटरची) क्षमता हेही कारण होतं. त्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

भुलीची मशीन अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटर म्हणून गेली. एक मशीन गेली की एक टेबल गेलं. भूलतज्ज्ञ आयसीयूच्या पाळीत. चार टेबलं चालवणाऱ्या जागी तातडीसाठी एक उरलं, तेही पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह मिळून.

एप्रिल-मे २०२१ मध्ये ऑक्सिजनचा हिशेब वेगळाच झाला. डी टाइप सिलिंडरमध्ये साधारण ७००० लिटर असतात. हाय-फ्लो नेझल (नाकातून जोरात ऑक्सिजन देणारं यंत्र) मिनिटाला ६० लिटर खातो, म्हणजे एक सिलिंडर दोन तासांच्या आत संपला. भुलीत लो-फ्लो पद्धतीने मिनिटाला १ लिटरवर केस चालते. पण मशीनचा व्हेंटिलेटर ऑक्सिजनच्या दाबावर भाता हलवणारा असेल, तर तो रुग्णाच्या श्वासाइतका, मिनिटाला ५-७ लिटर, आणखी खातो. तो दाब कॉम्प्रेसरच्या हवेवर वळवायचा, किंवा पिस्टनवर चालणारं मशीन असेल तर ते ओटीत ठेवायचं. जिथे हे आधी ठरलेलं होतं तिथे तातडीचं टेबल बंद पडलं नाही.

भूल शक्यतो कमरेतून. तोंडात नळी घालायचीच असेल तर हातातल्या फुग्याने हवा न देता, झटपट पद्धतीने, फिल्टर रुग्णाच्या बाजूला, खोलीत कमीत कमी माणसं. पण फुगलेल्या पोटाच्या, उलट्या होणाऱ्या, रक्तदाब घसरलेल्या पर्फोरेशनच्या (आतडं किंवा अल्सर फुटलेल्या) रुग्णाला केवळ नळी टाळायची म्हणून कमरेत इंजेक्शन देणं चूक. कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि उरलेला दाबही जातो.

सिस्टर_इनचार्ज

ओटीचा वेळ कुठे जातो ते सांगते. भुलीची नळी तोंडात घातल्यावर आणि काढल्यावर विषाणूचे कण उडतात, म्हणून खोलीतली हवा बदलेपर्यंत थांबावं लागतं. तासाला २० वेळा हवा बदलत असेल तर ९९.९ टक्के कण जायला २१ मिनिटं. १२ वेळा असेल तर ३५ मिनिटं. ६ वेळा असेल तर ६९. आणि आपल्याकडच्या कितीतरी लहान ओटीत फक्त भिंतीवरचा स्प्लिट एसी असतो. तो आतलीच हवा फिरवतो, बदलत नाहीच. तिथे एक्झॉस्ट बसवल्याशिवाय किती मिनिटं थांबायचं हे सांगताच येत नाही.

त्यात पीपीई चढवणं, उतरवणं, केस संपल्यावर एक टक्का हायपोक्लोराइटने पुसणं. एक तासाचं अपेंडिक्स तीन तासांचं होतं. रात्रीत जिथे चार केस व्हायच्या तिथे दोन होतात. मग कॅज्युअल्टीतून फोन आला की 'पुढे पाठवा' हेच उत्तर.

काय कामी येतं: केसला लागतील तेवढेच टाके, तेवढंच सामान आत. ट्रॉली बाहेर. एक सिस्टर दाराबाहेर फक्त सामान देण्यासाठी. रक्ताच्या पिशव्या केस सुरू होण्याआधी आत, कारण मधे दार उघडणं नको.

कानोसा

सगळे 'कमी झाले' म्हणताहेत. आमच्या कान-नाक-घशात मे २०२१ मध्ये उलटं झालं. म्युकरमायकोसिस, म्हणजे 'काळी बुरशी'. कोविड, बेसुमार साखर आणि गरजेपेक्षा जास्त स्टेरॉइड, या तिघांनी मिळून बुरशीला वाट दिली आणि महाराष्ट्र सगळ्यांत जास्त फटका बसलेल्या राज्यांत होता.

ही शस्त्रक्रिया तातडीचीच. बुरशी रक्तवाहिन्या बंद करते, मेलेल्या भागात औषध पोचत नाही, म्हणून काळा पडलेला सगळा भाग सायनसमधून खरवडून काढावा लागतो आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघावं लागतं. डोळ्यात गेली तर कधी डोळा काढावा लागतो. एका रुग्णामागे अनेकदा ओटी. लायपोसोमल अॅम्फोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध किलोला ५ मिग्रॅ, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ३०० मिग्रॅ, ५० मिग्रॅच्या सहा बाटल्या. चार आठवड्यांच्या १६८. बाजारात औषध नव्हतं ते या हिशेबामुळे.

तेव्हा 'साथीत सर्जिकल भरती घटते' हे पहिल्या लाटेपुरतं. दुसऱ्या लाटेने स्वतःच्या सर्जिकल इमर्जन्सी निर्माण केल्या.

आणि एक: दातांचे दवाखाने फवाऱ्याच्या भीतीने बंद होते. अक्कलदाढेचा साधा पू मानेत उतरून श्वासनलिका दाबेपर्यंत लोक गोळ्या खात राहिले. असे रुग्ण रात्री दोनला येतात आणि थेट गळ्याला छिद्र पाडायची वेळ आणतात.

रातराणी

कानोसा, +१. त्याच यादीत रक्ताच्या गाठी घाला. कोविडच्या रुग्णात पायाची किंवा आतड्याची धमनी अचानक बंद होते. इटलीत ब्रेशियाला रक्तवाहिन्यांच्या विभागात आलेल्यांमध्ये २०२० च्या पहिल्या तीन महिन्यांत पायाची धमनी अचानक बंद पडलेल्यांचं प्रमाण आदल्या वर्षीच्या १.८ टक्क्यांवरून १६.३ टक्क्यांवर गेलं, आणि गाठ काढूनही रक्तप्रवाह नीट सुरू झाला तो सुमारे ७० टक्क्यांतच. धमनीचं अस्तरच सुजलेलं, म्हणून फोगार्टी फुग्याने गाठ ओढून काढली तरी पुन्हा साखळते.

वॉर्डातली चूक इथे होते: कोविड वॉर्डात पाय दुखतोय म्हटलं की पॅरासिटामॉल. पाय गार, फिका, नाडी लागत नाही, एवढं बघायला अर्धं मिनिट लागतं. सहा तास गेले की पाय वाचवणं अवघड होत जातं. डबल हातमोज्यातून नाडी लागत नाही, हेही खरं आहे. हातातला डॉपलर (रक्तप्रवाह ऐकवणारं छोटं यंत्र) वॉर्डातच ठेवा.

शंकासुर

मग कोविडमध्ये पोट दुखतं ते कशाने? अनेकांना आधी पोटच दुखायचं असं वाचलं होतं.

रातराणी

फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया झाला की वेदना पोटाच्या वरच्या बाजूला जाणवते. जुलाब-उलट्याही होतात. म्हणून छातीचा फोटो न पाहता पोट उघडायचं नाही, हा जुना नियम साथीत पुन्हा महत्त्वाचा झाला. पोटाचा सीटी काढताना छातीचेही काप घ्यायचे.

याची दुसरी बाजू जास्त घातक. जून २०२० पासून ऑक्सिजनवरच्या रुग्णाला डेक्सामेथाझोन हे स्टेरॉइड ६ मिग्रॅ रोज, हा सर्वमान्य उपचार झाला. स्टेरॉइडवर असलेल्या माणसाचं आतडं फुटलं तरी पोट मऊ राहू शकतं, ताप येत नाही. फक्त नाडी वाढते आणि तो 'बरं वाटत नाही' म्हणतो. तसंच हेपरिनवर (रक्त गोठू न देणाऱ्या औषधावर) असलेल्याच्या पोटाच्या भिंतीत रक्त साठतं, ते गाठीसारखं लागतं आणि हिमोग्लोबिन पडतं. तिथे ऑपरेशन नसतं, हेपरिन थांबवणं असतं.

बाळगुटी

मुलांचं थोडं. आतड्यात आतडं शिरणं हे लहान बाळांमध्ये बऱ्याचदा विषाणूच्या सर्दी-जुलाबानंतर होतं. शाळा, पाळणाघरं बंद झाल्यावर ते विषाणूच फिरायचे थांबले आणि अनेक देशांत हा आजार खरोखर कमी दिसला. आकडेमोड, तुमच्या पहिल्या कारणाचं हे सर्वांत स्वच्छ उदाहरण.

याउलट अंडकोषाला पीळ पडणं. त्याचा साथीशी काही संबंध नाही, तो तेवढाच होणार. सहा तासांत आलं तर बहुतेक वेळा वाचतं, २४ तासांनंतर जवळपास नाही. मुलगा घरात सगळ्यांसमोर सांगायला लाजतो, फोनवर सल्ला देणारा पोटदुखी समजून गोळी सांगतो. फोनवर मुलाच्या पोटदुखीबद्दल विचारताना 'खाली दुखतंय का, सुजलंय का' हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आणि कोविडनंतर तीन-चार आठवड्यांनी मुलांमध्ये येणारी सर्वांगाची दाहक प्रतिक्रिया: ताप, पोटात तीव्र वेदना, उलट्या, हुबेहूब अपेंडिक्स. डोळे लाल, अंगावर पुरळ, रक्तदाब कमी असेल तर सुरीकडे जाण्याआधी थांबा, सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) आणि हृदयाचा इको करा.

प्लास्टर

अपघाताबद्दल रातराणीताई म्हणाल्या ते देशपातळीवरही दिसतं, पण एका गोष्टीकडे लक्ष द्या. २०१९ मध्ये रस्ते अपघात ४,४९,००२ आणि मृत्यू १,५१,११३. २०२० मध्ये अपघात ३,६६,१३८ आणि मृत्यू १,३१,७१४. अपघात साडेअठरा टक्क्यांनी घटले, मृत्यू तेराहून कमी टक्क्यांनी. म्हणजे दर शंभर अपघातांमागे मृत्यू ३३.७ वरून ३६ वर. मोकळ्या रस्त्यावरचा वेग हे एक कारण असावं, उशिरा मिळालेली मदत हे दुसरं.

घरात मात्र वयस्कांचं पडणं थांबलं नाही. खुब्याचं फ्रॅक्चर तेवढंच येत राहिलं आणि त्यांना ओटीसाठी दिवस मोजावे लागले.

लेस्टरकर

टाकेदोरे यांनी अपेंडिक्स लिहिलं, मी दुर्बिणीबद्दल लिहितो. सुरुवातीला भीती होती की पोटात भरलेल्या गॅसबरोबर विषाणू बाहेर येईल, म्हणून उघडी शस्त्रक्रिया करा म्हणाले. माझ्या मते तो सल्ला घाईचा होता. मोठ्या छेदाने रुग्ण दोन-तीन दिवस जास्त वॉर्डात राहतो आणि त्याच वॉर्डात कोविड फिरत असतो. जळत्या ऊतीचा धूर उघड्या पोटातूनही येतोच. बंद पोटात तो निदान पकडता येतो.

टाकेदोरे

धूर पकडायची सोय असेल तर. मार्च-एप्रिल २०२० मध्ये ती किती ठिकाणी होती? नंतर अनेकांनी साधा उपाय केला: ट्रोकारच्या (ज्यातून दुर्बीण पोटात घालतात त्या नळीच्या) बाजूच्या तोटीला नळी, तिला व्हेंटिलेटरचा एचएमई फिल्टर (श्वासाची हवा गाळणारा), पुढे हायपोक्लोराइटची बाटली, मग सक्शन. पोटातल्या गॅसचा दाब १५ ऐवजी १० ते १२, छेद ट्रोकार घट्ट बसेल एवढेच, आणि ट्रोकार काढण्याआधी सगळा गॅस फिल्टरमधूनच काढायचा. ही सोय होईपर्यंत उघडी शस्त्रक्रिया सांगणं मला चुकीचं वाटत नाही. सर्जन आजारी पडला तर तालुक्यात दुसरा नसतो.

भूलतज्ज्ञ_सांगली

सर्जन हात आखडता घेत होते त्यामागे आणखी एक आकडा होता. मे २०२० मध्ये २४ देशांतल्या २३५ रुग्णालयांतल्या ११२८ कोविडबाधित शस्त्रक्रिया रुग्णांचा अभ्यास आला. तीस दिवसांत मृत्यू २३.८ टक्के. निम्म्यांना फुप्फुसाची गुंतागुंत. पुढे २०२१ मध्ये १,४०,२३१ रुग्णांवरून निष्कर्ष निघाला की संसर्गानंतर सात आठवडे थांबून केलेल्या शस्त्रक्रियेत धोका नेहमीच्या पातळीवर येतो.

सात आठवड्यांचा हा नियम तेव्हाच्या ठरलेल्या शस्त्रक्रियांचा होता. फुटलेल्या अल्सरला तो लावायचा नव्हता. तिथे भरती झाल्यापासून ऑपरेशनपर्यंत जाणाऱ्या प्रत्येक तासाला जगण्याची शक्यता सुमारे २.४ टक्क्यांनी घटते, हे डेन्मार्कमधल्या जुन्या नोंदींवरून माहीत आहे. आरटीपीसीआरच्या अहवालासाठी आठ-दहा तास थांबणं म्हणजे काय, ते यावरून काढा. मे २०२० मध्येच आयसीएमआरने स्पष्ट लिहिलं होतं की चाचणी नाही म्हणून तातडीची प्रक्रिया लांबवू नये, नमुना सोबत पाठवावा.

कोयनाकाठ

लिहिलं होतं, पाळलं गेलं नाही. 'रिपोर्ट आणा मग बघू' हे वाक्य साथीतल्या उशिराचं माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत टाळता येण्यासारखं कारण आहे. रुग्णाची भीती समजू शकते. रुग्ण दारात आल्यावर गेलेले तास आपले आहेत. लोक घाबरून आले नाहीत, एवढंच म्हणून आपण मोकळे होतो, ते मला पटत नाही.

ओ_निगेटिव्ह

रक्ताचंही लक्षात ठेवा. आपल्याकडचं बरंच रक्त कॉलेज, कंपन्या, मंडळं यांच्या शिबिरांतून येतं आणि तीच बंद. लाल पेशी पिशवीतल्या द्रावणाप्रमाणे ३५ किंवा ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट पाचच दिवस. म्हणजे शिबिरं थांबल्याचा फटका लाल पेशींना महिनाभराने, प्लेटलेटला आठवड्यात. पहिल्या महिन्यात साठा ठीक वाटतो, कारण ठरलेल्या शस्त्रक्रियाही बंद असतात. त्या सुरू होतात त्याच सुमारास साठा तळाला गेलेला असतो. तेव्हा फुटलेली गर्भनलिका आली की पळापळ. शिबिरं पहिल्याच आठवड्यात वेळा वाटून, छोटी, सोसायटीच्या आवारात सुरू ठेवली पाहिजेत.

प्लास्टर

निवासी डॉक्टरांचंही. नीट-पीजी (डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) १८ एप्रिल २०२१ ची पुढे गेली, ११ सप्टेंबरला झाली, प्रवेश जानेवारी २०२२ पर्यंत रखडले. मेडिकल कॉलेजात कितीतरी महिने नवी पहिल्या वर्षाची बॅचच नव्हती. कॅज्युअल्टीत पहिला हात लावणारा तोच असतो. लाट ओसरल्यावरही तातडीचे रुग्ण खोळंबले, त्यामागे हे होतं.

आकडेमोड

सगळ्यांचे आभार. मी तीन कारणं मांडली होती, चर्चेत चौथं पुढे आलं: रुग्ण आला, पण व्यवस्थेने त्याला पुढे पाठवलं. ते मी धरलंच नव्हतं.

आता मूळ प्रश्नाचा दुसरा भाग. रजिस्टरमध्ये काय हवं? माझा कच्चा विचार: निदानागणिक नुसती संख्या, टक्का नंतर. लक्षण सुरू झाल्याची वेळ, पहिल्या डॉक्टरला दाखवल्याची वेळ, आपल्या दारात आल्याची वेळ, सुरी लागल्याची वेळ. कुठून रेफर, आणि आपण कुठे रेफर केलं. ऑपरेशनमध्ये सापडलेली अवस्था. तीस दिवसांनी फोन करून जिवंत आहे का. दुर्बिणीचं ठरलेलं ऑपरेशन पुढे ढकललेल्यांची वेगळी यादी, कारण त्यांतलेच पित्ताचे खडे पुढे स्वादुपिंडाची सूज घेऊन तातडीत येतात.

टाकेदोरे

नाही म्हणून पाठवलेल्यांचंही रजिस्टर हवं. नाव, वेळ, कारण, कुणी निर्णय घेतला. ते सध्या कुठेच लिहिलं जात नाही.

कोयनाकाठ

आणि औषधावर ठेवलेल्या अपेंडिक्सची वेगळी वही. ९० दिवसांत परत आला का, चाळिशीपुढचा असेल तर सीटी झाला का.

सिस्टर_इनचार्ज

लक्षण सुरू झाल्याची वेळ नीट मिळत नाही, तेवढं सांगते. 'कधीपासून दुखतंय' विचारलं की सगळे 'कालपासून' म्हणतात. 'शेवटचं पोटभर जेवण कधी झालं, कोणत्या दिवशी, सकाळचं की रात्रीचं' असं विचारा. मग 'परवा दुपारी भाकरी खाल्ली, रात्री नको वाटलं' असं उत्तर येतं आणि तीच वेळ लिहायची. सोबत आलेल्या माणसाला वेगळं विचारून दोन्ही वेळा लिहा. फरक पडला तर आधीची धरा. रकाना कॅज्युअल्टीच्या पहिल्याच कागदावर, नाडी आणि रक्तदाबाच्या वर छापून घ्या. खाली ठेवला तर कोरा राहतो.